मिलुशे मागे बसेपर्यंत

२४ मार्च, रविवार

ही वही गिरणीतली आहे. एकोणतीस वर्षं मी विणाई खात्यात फिटर होतो. कुठल्या मागाला काय झालं, काय केलं, ते रोज लिहायचो. गिरणी बंद झाली त्या दिवशी तीन कोऱ्या वह्या घरी घेऊन आलो, नाहीतरी त्या कुणाला लागणार होत्या? आज त्यातली एक उघडली, कारण दुरुस्ती काढली आहे, आणि नोंद न ठेवणारा माणूस तोच बोल्ट दोनदा शोधत बसतो.

दुरुस्ती अशी: माझ्या जावा मोटरसायकलचे दोन्ही सायलेन्सर, पुढच्या नळ्यांसकट, बदलायचे. घरी, स्वतःच्या हाताने. मुदत तीस एप्रिल.

कारण असं. आज जेवताना मी मिलुशेला म्हटलं, "यंदा चेरीला मस्त बहर येणार बघ. एक मेला सकाळीच निघू."

तिने सूप ढवळलं. म्हणाली, "मी त्या गाडीवर बसणार नाही."

"का?"

"आवाज."

"कसला आवाज?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "गाडीचा, विटेक. डोकं उठतं माझं."

चव्वेचाळीस वर्षं दर एक मेला बायकोला मागे बसवून टेकडीवरच्या चेरीच्या रांगेपर्यंत नेलंय आणि बहरलेल्या झाडाखाली तिचा मुका घेतलाय. त्या दिवशी जिचा मुका घेतला नाही ती बाई वर्षभरात वाळून जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी तसं म्हटलंही.

"मग वाळेन," ती म्हणाली आणि ताटल्या उचलल्या.

ऑक्टोबरपासून ती गाडीवर बसलेली नाही. शेवटची बसली ती इस्पितळातून येताना. तिची कसलीशी नेहमीची तपासणी होती. ऊन छान पडलं होतं, रस्ता रिकामा होता, मी शीळ घालत होतो. घरी आल्यावर सूप कसलं आहे विचारलं, तर बाई तडक आत. तेव्हापासून हे असं चाललंय. बायकोच्या रागाला कुठला पाना लागतो ते मला या वयातही कळलेलं नाही. सायलेन्सरचा मात्र ठाऊक आहे, तेव्हा तिथून सुरुवात करतो.

२६ मार्च, मंगळवार

गाडी शेडमध्ये स्टँडवर घेतली. उजव्या सायलेन्सरच्या पोटाला दोन बोटं जातील एवढं भोक आहे. डाव्याची शेपटी गंजून पापडासारखी झाली आहे. आतल्या, आवाज दाबणाऱ्या जाळ्या तर बारा वर्षांपूर्वी मीच काढून टाकल्या होत्या. टू-स्ट्रोक गाडी तेल पिते आणि सगळी काजळी जाळीवर आणून साठवते, किती वेळा साफ करायची? तरी खरं सांगायचं तर मला आवाजात काही वावगं वाटत नाही. उलट म्हातारपणी गाडी मवाळ झाली आहे. पण मिलुशेला खुपतो ना, मग बदलायचा.

शेजारच्या ब्रेत्याने कुंपणावरून मान काढली. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. कोंबड्या पाळतो आणि अग्निशमन दलाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो.

"काय रे विटेक, शेवटी आली का आमच्या कानांची दया?"

"तुझ्या ट्रॉम्बोनपेक्षा माझी गाडी बरी."

"ट्रॉम्बोन ऐकून माझ्या कोंबड्या अंडी तरी घालतात. तुझी गाडी सुरू झाली की आलेलं अंडं परत आत घेतात."

मग म्हणाला, "गॅरेजात टाक ना. अडुसष्ट वर्षांचा झालास, कशाला जमिनीवर लोळतोस?" मी म्हटलं, ही गाडी आमच्या लेकीच्या, राडकाच्या जन्माच्या वर्षी घेतली, तेव्हापासून परक्या माणसाने तिला पाना लावलेला नाही. त्यावर तो मान वळवून काहीतरी पुटपुटला आणि हसत निघून गेला. हल्ली सगळ्यांनाच पुटपुटायची खोड लागली आहे.

नवा जोड विकणारा माणूस ब्र्नो शहराजवळ आहे. मापं मी कागदावर लिहून दिली, फोन मिलुशेने केला. मला फोन जमत नाही. पलीकडची माणसं तोंडात गुळणी धरून बोलतात. आमची राडकासुद्धा. शहरात गेल्यापासून पोरीचे उच्चार पार बिघडले.

२९ मार्च, शुक्रवार

मागचे बोल्ट अर्ध्या तासात सुटले. खरं दुखणं पुढे आहे. नळी सिलिंडरला जिथे मिळते तिथे एक मोठा गोल खाचांचा नट असतो. त्याला आकड्याचा पाना लागतो. तो नट किती वर्षं उन्हात, तेलात, काजळीत भाजून निघालाय ते त्यालाच माहीत. तारेच्या ब्रशने घासला, रॉकेल आणि तेल मिसळून पाजलं. उद्या बघू.

३१ मार्च, रविवार

डावा नट हलत नाही.

१ एप्रिल, सोमवार

हलत नाही. पान्यावर हातभर लांब पाइप चढवून जोर लावला. पाना निसटला, माझी बोटं सिलिंडरच्या पात्यांवर आपटली, दोन सोलवटली. मिलुशेने पट्टी बांधली. बांधताना मान खाली होती. बराच वेळ ती अशीच बसून राहिली, ओठ तेवढे हलत होते, जप केल्यासारखे. मी म्हटलं, "काय?" तर तिने मान वर केली. म्हणाली, "काही नाही. तुला सांगून काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी."

बोटं सोलवटली तर सोलवटली. नट सुटणारच.

४ एप्रिल, गुरुवार

डावा सुटला! नटाभोवती ब्लो लॅम्प फिरवला, तांबूस झाक येईपर्यंत नाही, फक्त तेल धुरायला लागेपर्यंत. मग पितळी तुकडा खाचेवर ठेवून छोट्या हातोडीने हळूहळू, एकाच लयीत ठोकत राहिलो. जोरात मारलं की नटाचे कान तुटतात, हे घाईच्या माणसाला कळत नाही. विसाव्या-पंचविसाव्या ठोक्याला हाताला कळलं की आत काहीतरी सैल झालं. मी नेहमीच हाताने ऐकतो. गिरणीत चारशे माग एकदम चालत असताना दुसऱ्या कशाने ऐकणार? मागाच्या चौकटीवर तळवा ठेवला की कुठला धोटा नीट धावत नाही ते समजायचं.

बोलायचं झालं तर ओठांनी. आमच्या खात्यात गळ्यातून आवाज कुणी काढत नसे, तोंड नीट उघडायचं आणि समोरच्याने बघायचं. मिलुशेला लग्नाचं मी बारा माग पलीकडून विचारलं. ती तुटलेला धागा बांधत होती, मी मान वर होईपर्यंत थांबलो. तिने तिथूनच हो म्हटलं. मधल्या सगळ्या बायकांनी ते वाचलं आणि आमच्या आधी ते अख्ख्या गिरणीला कळलं. बाहेरचा माणूस कानात बोट घालून उभा राहायचा, आम्ही त्या गोंगाटात एकमेकांच्या सासवांची उणीदुणी काढायचो.

६ एप्रिल, शनिवार

उजवाही सुटला. एक कान तुटला. नवे नट येणार आहेतच, पण लागलं जिवाला.

जुना सायलेन्सर उपडा करून ठोकला तर मूठभर काजळी आणि एका गांधीलमाशीचं सुकलेलं घर बाहेर पडलं. मिलुशेला दाखवायला नेलं. तिने घराकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, आणि हसली. अगदी थोडंसंच, पण हसली. काम सार्थकी लागणार असं आज पहिल्यांदा वाटलं.

११ एप्रिल, गुरुवार

पार्सल आलं. आणणाऱ्या पोस्टाच्या बाईने तीनदा घंटा वाजवली म्हणे. मी तर समोरच्याच खोलीत होतो. घंटेची बॅटरी बदलली पाहिजे.

नवे सायलेन्सर बघत बसावेत असे आहेत. क्रोममध्ये माझा चेहरा भोपळ्याएवढा दिसला. दोन नळ्या, दोन सायलेन्सर, दोन नट, तांब्याच्या कड्यांची पॅकिंग, आणि तेलकट कागदात गुंडाळलेल्या दोन नव्या जाळ्या.

१३ एप्रिल, शनिवार

माप चुकलंय. माझं नाही, बनवणाऱ्याचं. डावी नळी सिलिंडरला नीट बसते, पण मग सायलेन्सर फ्रेमच्या ब्रॅकेटपासून बोटभर बाहेर राहतो. जबरदस्तीने ओढून बोल्ट लावला तर बसेल, पण मग नळी कायम ताणावर राहणार आणि हजार किलोमीटरात तडकणार. घोडं इथे पेंड खातंय. चार वायसर एकावर एक रचून पाहिले. तिरके बसतात. जाड नळीचा तुकडा कापून मधे घालायला हवा.

ब्रेत्या म्हणाला, "परत पाठव." मी म्हटलं, "आणि तीस तारीख?" तो म्हणाला, "तीस तारखेला काय आहे?" मी सांगितलं नाही. चव्वेचाळीस वर्षं चालत आलेली गोष्ट कुंपणावर सांगायची नसते.

१७ एप्रिल, बुधवार

मिलुशे सकाळच्या बसने बहिणीकडे गेली. नोव्हेंबरपासून ही तिसरी खेप. बहीण इस्पितळाच्याच गावात राहते. संध्याकाळी परत आली ती न जेवता झोपली. कोटाच्या आत उजवा हात अंगाशी धरून होती. मी म्हटलं, "खांदा दुखतोय का? बसमधला वारा लागला असेल." ती म्हणाली, "हो, वाराच."

माझं काम: नळीचे दोन तुकडे कापले, सोळा मिलिमीटर. कानशीने कडा सारख्या केल्या. सायलेन्सर आता कुठलाही ताण न देता बसतो.

२२ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

पहाटे विलोच्या झाडाच्या आठ काड्यांची वेणी घातली आणि रिवाजाप्रमाणे मिलुशेच्या पोटऱ्यांवर हलकेच मारायला गेलो, तिचं वर्ष ताजंतवानं जावं म्हणून. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. मी दोनदा मारलं. तिने रंगवलेलं अंडं दिलं आणि रडायला लागली. मी हादरलोच. म्हटलं, "लागलं का?" तिने मान हलवली. मग माझ्याकडे पाठ केली आणि तशीच उभी राहिली. मी वाट पाहिली. ती एक शब्द बोलली नाही.

दुपारी ब्रेत्याकडे प्लमची दारू घ्यायला गेलो तेव्हा त्याला विचारलं, "माणूस दिवस-दिवस गप्प का बसतो?" तो म्हणाला, "कोण, मिलुशे? कालच कुंपणाशी अर्धा तास बोलली की." म्हणजे शेजाऱ्याशी बोलते. माझ्याशीच मूग गिळून बसते.

आता इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे सांगायला जागा नाही. तिला माझा कंटाळा आला असावा असं वाटतं. या वयात असं होतं का? सायलेन्सरचा आवाज हे निमित्त असेल तर मी फुकट लोळतो आहे. पण निमित्त असलं तरी ते आधी दूर केलं पाहिजे, म्हणजे खालचं खरं कारण उघडं पडेल. मी थांबणार नाही.

२६ एप्रिल, शुक्रवार

झालं! दोन्ही बाजू बसल्या. तांब्याची कडी गरम करून मऊ केली, नट हाताने आटे धरेपर्यंत फिरवले, मग आकड्याचा पाना. सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. गाडी सुरू केल्यावर कुठे बुडबुडा येतो का बघितलं. एकही नाही.

आतल्या जाळ्या बसवल्या नाहीत. उजवी जरा अडत होती, आणि मला वाटलं आधी तिच्याशिवाय ऐकून तर बघू. दुसऱ्या किकला सुरू झाली. आणि काय सांगू! घुर्रघुर्र, मांजर मांडीवर बसल्यासारखी. मूठ पिरगळली तरी तेवढीच मऊ. मग जाळ्या कशाला हव्यात? तुंबायला? दोन्ही तेलकट कागदात परत गुंडाळून फळीवर ठेवल्या.

गल्लीतले लोक खिडक्यांत आले. समोरची म्हातारी ह्लावाचकोवा तर रस्त्यावर आली आणि हातवारे करायला लागली. मी तिला हात केला. नव्या क्रोमवर ऊन पडलं होतं, बघण्यासारखंच होतं ते. ब्रेत्याच्या कोंबड्या खुराड्यात घुसल्या. मिलुशे पायरीवर आली, दोन्ही कानांवर हात ठेवून, आणि तशीच आत गेली.

कानांवर हात! एवढ्या आवाजाला! हे आता सरळ सरळ नाटक आहे.

२८ एप्रिल, रविवार

काल गाडी तळ्यापर्यंत नेऊन आणली. आज मिलुशेला समोर बसवून विचारलं, "आता काय अडचण आहे?"

"आधीपेक्षा वाईट आहे, विटेक."

"खोटं बोलतेस."

ती पांढरी पडली. चव्वेचाळीस वर्षांत हा शब्द मी तिला वापरला नव्हता. ती म्हणाली, "तू कधी ऐकून घेतोस का माणसाचं? एका कानाने ऐकतोस आणि दुसऱ्याने सोडून देतोस. आता तर एकानेही घेत नाहीस." आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मी शेडमध्ये जाऊन बसलो. एवढी मेहनत केली, बोटं सोलवटली, आणि बायको होती त्याहून लांब गेली. काम बरोबर झालंय, मग चुकतंय कुठे? फिटरला हे सहन होत नाही.

३० एप्रिल, मंगळवार

आज सगळं लिहितो, जसं झालं तसं.

सकाळी दहाला ब्रेत्या फाटकातून आत आला. नेहमीसारखा कुंपणावरून नाही. म्हणाला, "ह्लावाचकोवा सरपंचबाईंकडे तक्रार द्यायला निघाली होती, मी अडवली. जाळ्या कुठे आहेत तुझ्या?"

"फळीवर. गरज नाही त्यांची. मांजरासारखी चालते गाडी."

तो थट्टा करेल असं वाटलं. त्याने केली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "एक पैज लावू. तू लाकडांच्या ढिगाकडे तोंड करून उभा राहा. मी गाडी तीनदा सुरू करतो, कधी जाळ्या घालून, कधी काढून. तू सांगायचं जाळी आहे की नाही. तीनही बरोबर आलं तर पुढच्या रविवारी तुझं अंगण मी झाडतो."

मी म्हटलं, "पिंप भरून बिअर दे, अंगण माझं मी झाडीन." मिलुशे पायरीवर बटाटे सोलत बसली होती. मी ढिगाकडे तोंड करून उभा राहिलो.

पहिल्यांदा पायाखाली थरथर आली. आवाज मऊ. मी म्हटलं, "जाळी आहे." मग बराच वेळ गेला. पुन्हा थरथर, पुन्हा तसाच आवाज. "आहे." म्हटलं, गडी मला फसवायला दोन्ही वेळा तेच करतोय. परत थांबलो. या वेळी अगदी बारीक घुर्रघुर्र, आतापर्यंतची सगळ्यात गोड. मी हात वर केला, "ही तर नक्कीच जाळीवाली! हिला म्हणतात सायलेन्सर!"

कुणी काही म्हटलं नाही. मी आणखी थोडा वेळ उभा राहिलो आणि मग वळलो.

गाडी बंद होती. किल्ली ब्रेत्याच्या हातात होती. जाळ्या दोन्ही जमिनीवर कागदात होत्या, एकदाही बसवलेल्या नव्हत्या. तिसऱ्यांदा त्याने गाडी सुरूच केली नव्हती. आणि मिलुशे माझ्यापासून दोन पावलांवर उभी होती, हातात बटाट्याची सुरी तशीच.

"मी तुला हाक मारली," ती म्हणाली. मी तिचे ओठ पाहिले. "सहा वेळा मारली. शेवटची तर ओरडले."

ब्रेत्याने किल्ली सीटवर ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. त्या माणसाची मी आयुष्यभर टिंगल केली. त्याचे उपकार फिटायचे नाहीत.

मला मागाखाली सापडल्यासारखं झालं. मी तिला म्हटलं, "पण तुझं तर मला सगळं ऐकू येतं."

"येत नाही. तू बघतोस. आपण दोघं गिरणीतली, समोर तोंड असलं की मीही बघते. मला कळलंच नाही रे. मला वाटलं तू..." ती थांबली.

"काय वाटलं?"

तिने सुरी पायरीवर ठेवली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, बटाट्याचे ओले हात, आणि हळूहळू सांगितलं. एक एक शब्द मी वाचला.

"ऑक्टोबरात गाडीवरून येताना, तळ्याच्या वळणावर, मी तुला सांगितलं. त्यांना माझ्या छातीत गाठ सापडली. मला भीती वाटते, पुढच्या वेळी माझ्याबरोबर आत ये, असं म्हटलं. तीनदा म्हटलं. तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, पाठीला सांगणं सोपं वाटलं. आणि तू शीळ घालत राहिलास. घरी येऊन सूप विचारलंस. मला वाटलं हेच तुझं उत्तर."

बहिणीकडे ती गेलीच नव्हती. नोव्हेंबरात सुई घालून तपासलं, जानेवारीत पुन्हा बोलावलं, सतरा तारखेला परत सुई. एकटी गेली, एकटी आली. मी तिला म्हटलं होतं, बसमधला वारा लागला असेल. निकाल नऊ मेला आहे.

मी रडलो. लिहायला लाज वाटत नाही. ती मला म्हणत होती "पुरे, पुरे", आणि स्वतः रडत होती.

संध्याकाळी दोन्ही जाळ्या बसवल्या. उजवी अडत होती ती कडेला कानस मारल्यावर गेली. आवाज कमी झाला का ते मिलुशेने सांगितलं. झाला.

१ मे, बुधवार

मी तिला म्हटलं होतं, बस सुट्टीच्या दिवशी नसते, पायी जाऊ. तिने डोक्याला रुमाल बांधला आणि सरळ गाडीपाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "पण मला बोलायचं झालं की थांबायचं."

अकरा किलोमीटरला दोन तास लागले. ती पाठीवर थाप मारायची, मी गाडी बाजूला घ्यायचो, उतरायचो, तिच्याकडे तोंड करायचो. नऊ वेळा. एकदा फक्त "बगळा बघ" एवढंच सांगायला थांबवलं. एकदा नोव्हेंबरातल्या त्या खोलीबद्दल, जिथे पडदा नीट लागत नव्हता. तेव्हा आम्ही बांधावर बराच वेळ बसलो. मागून येणारे मोटारवाले काचा खाली करून काय बिघडलंय विचारत होते. काही नाही, म्हटलं, बायको बोलते आहे.

फुलं अर्धी गळाली होती. मुका घेतला.

"वाळेन का आता?" ती म्हणाली.

"बघतोच कशी वाळतेस," मी म्हटलं.

९ मे, गुरुवार

चौदा तारखेला माझ्या कानांची तपासणी आहे. राडकाने ठरवून दिली. पण ती नंतर. आजचं लिहितो.

इस्पितळात बाकावर बसलो होतो. नर्सने नाव पुकारलं ते मिलुशेने ऐकलं, माझी बाही ओढली. नर्स म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा आजोबा." मी आत गेलो.

डॉक्टर तरुण होता. कागद चाळत होता, मान खाली, आणि तसाच बोलायला लागला. त्याची दाढी हलताना दिसत होती, शब्द एकही दिसत नव्हता. मिलुशेने माझा हात एवढा घट्ट धरला की बोटं दुखली. तिला ऐकू येत होतं आणि मला नाही. पुन्हा ती एकटीच ऐकत होती.

मी टेबलावर तळवा आपटला. त्याने दचकून वर पाहिलं.

"मी बहिरा आहे," मी म्हटलं. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा, तेही परक्या माणसासमोर. मोठ्याने म्हटलं असणार, कारण दारातून नर्स डोकावली. "ही माझी बायको आहे. तिला जे सांगायचं ते माझ्याकडे बघून सांगा. पहिल्यापासून."

त्याने कागद बाजूला ठेवले. खुर्ची पुढे ओढली, चेहरा दिव्याच्या उजेडात येईल अशी. मग दोघांकडे बघत, शब्द न शब्द तोंड नीट उघडून सांगितलं. गाठ वाईट आहे. लहान आहे. पसरलेली दिसत नाही. काढायची. वेळेत आलात. मी सगळं वाचलं. मिलुशेने माझ्याकडे पाहिलं, मला कळलं का ते बघायला. मी मान हलवली.

ऑपरेशन: तेवीस मे, गुरुवार, सकाळी सात वाजता, दुसरा मजला. मिलुशे, आणि बरोबर मी.